मधेच थांबलेला खेळ

"अप्पा, इथेच बसा हं, हलू नका," असं बजावून मृदुला कॅमेरा घेऊन पडद्याजवळ गेली. पाडायला काढलेल्या थिएटरचे तिला शेवटचे फोटो काढायचे होते, आणि जन्मभर इथेच सिनेमा दाखवणाऱ्या वडिलांना ही जागा पुन्हा एकदा दाखवायची होती. अलीकडे त्यांना माणसं आठवत नसत. निदान जागा तरी आठवेल, अशी तिची वेडी आशा.

फोटो काढून ती वळली, तर खुर्ची रिकामी.

वर जाऊ नका, प्रोजेक्टरच्या केबिनची लाकडी जमीन पार कुजलीय, असं रखवालदाराने येतानाच सांगितलं होतं. "अप्पा! अहो अप्पा!" तिचाच आवाज घुमून परत आला. वर मात्र लाकूड करकरलं.

हाका मारून उपयोग नव्हता. आपण कुणाचे अप्पा आहोत, हेच ते विसरले होते. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने दोन बोटं तोंडात घातली आणि सिनेमा मधेच बंद पडला की पब्लिक मारायचं तशी सणसणीत शिट्टी मारली. "ओ ऑपरेटर!"

करकर थांबली. तिने बॅटरी वर रोखली, तर केबिनच्या झरोक्यातून अप्पांचा चेहरा डोकावत होता.

"रीळ तुटलंय, ताई. ओरडू नका, लगेच जोडतो."

"सावकाश जोडा, आम्ही बसलोय," ती म्हणाली आणि जिन्याची एकेक पायरी चाचपत वर निघाली.