घेतल्या की

"अहो, गोळ्या घेतल्या का?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"घेतल्या की," म्हणत बाबांनी काखेतल्या लोखंडी पेटीवर थाप मारली. पेटीत नेमबाज लेकीच्या, शाल्मलीच्या पॉइंट टू-टू रायफलची काडतुसं होती. रायफल एका जागी, काडतुसं दुसऱ्या जागी कुलपात, हा नियम बाबा सोवळ्यासारखा पाळत. आई मात्र विचारत होती ते छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांचं. घरात गोळ्या दोन प्रकारच्या आणि शब्द एकच, यावर आजवर फक्त हसणं झालं होतं.

स्पर्धेला जाताना कराडच्या अलीकडे बाबांनी गाडी कडेला घेतली. एका हाताने छाती धरून दुसऱ्याने सगळे खिसे चाचपले. शेजारी बसलेल्या शाल्मलीने गाडी हाती घेऊन हॉस्पिटल गाठलं, पण तोवर उशीर झाला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगे, "गोळ्या होत्या हो जवळ. निघताना मीच विचारलं ना."

"मग काय, आयुष्यच तेवढं," लोक म्हणत. या वाक्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, पण आई त्यावर दोन घास जेवे.

तेराव्यानंतर फ्रिजवर, केळ्यांमागे, शाल्मलीला बाबांची गोळ्यांची पट्टी सापडली. आई हात लावणार नाही अशी घरात एकच जागा होती. शाल्मलीने पेटी उघडून पट्टी काडतुसांखाली सरकवली आणि कुलूप लावलं.

"काय ठेवलंस गं?" दारातून आईने विचारलं.

"गोळ्या."

"बरं," म्हणत आई नेहमीसारखी पेटीपासून लांब सरकली.