मनोऱ्यावरची दुर्बीण

राजधानीतल्या सर्वांत उंच मनोऱ्यावरची दुर्बीण तो बावीस वर्षं सांभाळत होता. पर्यटकांना संसदेचा घुमट, जुना पूल, नदीवरून जाणारी मेट्रो दाखवायचा. दुपारी एकला मात्र दुर्बीण नदीपलीकडे, स्वतःच्या घराकडे वळवायचा. गॅलरीतून बायको हात हलवायची, तोही हलवायचा. घरी त्याबद्दल बोलायची त्याला कधी गरजच वाटली नाही.

निवृत्तीच्या दिवशी एकच्या सुमारास बायको पहिल्यांदाच वर आली, कठडा घट्ट धरून.

“बघ, रोज एकला तू तिथूनच हात हलवतेस,” तो कौतुकानं म्हणाला.

“मी? अहो, एकला मी दुकानात असते.”

थट्टा करतेय, असं वाटून त्यानं हसतच दुर्बिणीला डोळा लावला. गॅलरीत बायको उभी होती. हात हलवत होती.

तो बाजूला झाला. बायकोनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“हात हलवायचं थांबली,” ती पुटपुटली. “आत चाललीये.”

“घरात कोण आहे?”

“लेक झोपलीये,” बायको म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांदेखत गॅलरीचं दार आतून बंद झालं.