सुनेच्या हातचा किमोनो

आमच्या सरायीत प्रत्येक खोलीला गरम झऱ्याचं वेगळं कुंड आहे, आणि खोल्यांची व्यवस्था माझ्याकडे. काल फुसाए आजी मुलगा-सुनेबरोबर उतरल्या. सून मित्सुयो म्हणजे लाखात एक. तिनं सासूची पाठ चोळली, हाताला धरून कुंडाबाहेर आणलं, मला बाजूला सारून सुती किमोनोही स्वतःच नेसवला आणि मगच स्वतः पाण्यात उतरली. मला माझी सून आठवली, नको तेव्हा.

जेवण घेऊन खोलीत गेले, तर आजींच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर आलेली. तसा किमोनो आमच्याकडे फक्त प्रेताला नेसवतात.

मी घाईघाईनं कमरेची गाठ सोडली. "आजी, मनावर घेऊ नका हं. हल्लीच्या सुनांना कुठलं ठाऊक असायला डावं-उजवं."

आजींनी कुंडाच्या दाराकडे पाहिलं. मित्सुयो आत गुणगुणत होती.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या.



"किमोनो नेसायला शिकवायचा क्लास आहे तिचा. वीस वर्षं झाली."