सस्पेंड केलेली यादी

पुन्हा तेच. निकितानं माऊस टेबलावर आपटला. डिस्क शंभर टक्के. साधं फोल्डर उघडायला चार मिनिटं, आणि उघडलं की पांढरंफटक. काम्प्युटर दुरुस्तीला यवतमाळहून पांढरकवड्याला महिन्याभरातली ही तिची तिसरी खेप, आणि दुखणं जागच्या जागी.

भानगड काही मोठी नव्हती. इथल्या आरोग्य संस्थेचं सिकलसेल तपासायचं यंत्र जुनं, त्याचा प्रोग्राम त्याहून जुना, नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. म्हणून मार्चमध्ये निकितानंच या काम्प्युटरच्या पोटात दुसरा जुना काम्प्युटर, नुसता प्रोग्रामातला, बसवून दिला होता. संस्थेच्या विमलताई त्यात काम करायच्या आणि जाताना तो सस्पेंड करायच्या, म्हणजे होता तसा झोपवून ठेवायच्या. सस्पेंड केला की डिस्क जी धापा टाकायला लागे, ती वीस-पंचवीस मिनिटं. तोवर दुसरं काही म्हणता काही चालत नसे. आजही निकिता आल्यावर ताईंनी तो सस्पेंड करून खुर्ची रिकामी केली, आणि तेव्हापासून निकिता कपाळाला हात लावून बसली होती.

घाई होती ती यादीची. झरी जामणीकडच्या अकरा गावांतल्या अकराशे चाळीस माणसांच्या तपासण्या त्या यादीत होत्या. कोणाच्या रक्तात सिकलसेल आहे, कोणाच्या नाही. दिवाळीनंतर सोयरिकी जमायला लागतात. दोन्हीकडे तो दोष निघाला तर लेकराच्या जिवाशी गाठ. म्हणून आज एक वाजता जीप निघून यादी गावोगावी जायची होती, ज्याची गोष्ट त्यालाच सांगायची होती. गावं रक्त द्यायला सहजासहजी तयार नव्हती. विमलताई दारोदार फिरल्या, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हा कुठं माणसं बोट पुढं करायला आली. कोणाचं काय निघालं हे गावात फुटू नये म्हणून यादीत नोंद झाली की निकालाच्या चिठ्ठ्या जाळायच्या, हा नियमही ताईंचाच.

निकितानं अँटीव्हायरसला गप्प बसवलं. अपडेट थांबवले. आपोआप चालणारं जे जे दिसलं ते बंद केलं. डिस्क ढिम्म. आतल्या काम्प्युटरला दिलेली मेमरी कमी केली की हा रोजचा तमाशा संपणार, हे तिला कळत होतं. पण सस्पेंड असताना ती कमी होत नाही, आणि त्याला उठवायचं म्हणजे आणखी अर्धा तास. बाहेर रहेमानभाईंनी जीपचा हॉर्न दिला. साडेबारा झाले होते. एकच वाट उरली होती. झोपवलेली अवस्था टाकून द्यायची आणि आतला काम्प्युटर कोरा सुरू करायचा. फाइल जिथल्या तिथं राहते, जाते ती फक्त झोप.

तरी तिनं विचारलं. तेवढी ती शहाणी होती.

"ताई, यादी सेव्ह आहे ना?"

"रोज करते. निघाच्या आधी, न चुकता."

निकितानं बटण दाबलं.

काय चमत्कार! डिस्क शांत झाली. तिनं मेमरी निम्म्यावर आणली, आतला काम्प्युटर दीड मिनिटात उभा राहिला. आल्यापासून पहिल्यांदा ती हसली आणि ताईंना म्हणाली, या, छापा तुमची यादी.

विमलताईंनी चष्मा लावला, फाइल उघडली. यादीत बारा नावं होती.

त्यांनी पान खाली सरकवलं. पुन्हा वर नेलं. खाली काहीच नव्हतं. बारा नावं मार्चमधली, पहिल्या दिवसाची. ती निकितानंच शिकवता शिकवता भरली होती आणि स्वतःच सेव्ह केली होती. ताई, तुम्ही सेव्ह कसं करत होता, एकदा दाखवा, असं ती म्हणाली, आणि विमलताईंनी बोट ठेवलं ते सस्पेंडच्या बटणावर.

"तूच तं म्हनली होती, जाताना हे दाबा," ताई म्हणाल्या. "आन् मले सस्पेंड समजते वो. टर्मिनेट केलेला मानूस घरी जाते. सस्पेंड केलेला परत येते, त्याच खुर्चीवर, सगळ्या सर्व्हिससकट. मी नाई का आली?"

अंगणवाडीच्या नोकरीत असताना विमलताई चौदा महिने निलंबित होत्या. नंतर निर्दोष ठरल्या आणि परत घेतल्या गेल्या; नोकरीचा एक दिवससुद्धा कापला गेला नाही. आणि त्यांचं खोटंही नव्हतं. रोज सकाळी सगळी माणसं परत येतच होती. सात महिने ती डिस्क संध्याकाळी धापा टाकत होती, ती अकराशे अठ्ठावीस माणसं उचलून ठेवायला. पहिल्या दिवशी निकिताला यवतमाळची शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून सेव्ह वेगळं आणि सस्पेंड वेगळं हे सांगायचं राहून गेलं होतं.

तिनं पंधरा मिनिटं शोधलं. जे टाकून दिलं ते काही सापडलं नाही. अखेर तिनं सगळं सांगितलं, चूक माझी म्हणाली, आणि रडू आलं तसं रडली.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. विमलताई उठल्या. कपाटातून सुयांचे डबे काढून त्यांनी पिशवीत भरले, कापूस भरला, कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला. दारात जाऊन त्या मागं वळल्या.

"उठ, गाडीत बस. पुन्हा रगत द्या म्हून मी कितीबी सांगतलं तरी आता कोनी आयकनार नाई. तिथं सगळ्याइच्या समोर पह्यलं बोट तुलेच द्या लागते."