डाव्या स्पीकरवरचा खड्डा

नाताळासाठी मी पप्पांचे चाळीस वर्षांपूर्वीचे स्पीकर श्रीरामपूरहून दुरुस्त करून आणले. फाटलेले कागदी पडदे बदलले, सबवूफर जोडला. गाणं लागलं तशी मांडणीवरची भांडीसुद्धा थरथरली. पप्पा मात्र उठले, डाव्या स्पीकरची जाळी काढून नव्या पडद्याच्या मधोमध बोट फिरवू लागले. “हितला खड्डा कुठं गेला?” “जुना पडदा तिथंच टाकून आलो, पप्पा. आवाज ऐका ना!” “तुज्या ताईनं ल्हानपनी बोट खुपसलं हुतं. लई मारलं मी तिला. ती प्रभूकडं गेली तवापासून रोज त्या खड्ड्यावर बोट ठिवून माफी मागत हुतो.” ते बोट माझं होतं. ताईनं मार खाल्ला, पण माझं नाव सांगितलं नाही. मीही आजवर सांगितलं नव्हतं. “तुजी काय चूक न्हाई, जॉय,” म्हणत पप्पांनी जाळी बसवली. मी ते बोट मुठीत दडवलं.