हिअर आणि लिसन

फळ्यावर दोन शब्द होते, हिअर आणि लिसन. अयोध्याबाई सातवीच्या पोरांना त्यांतला फरक सांगत होत्या. आवाज आपसूक कानावर पडला तर हिअर. मुद्दाम कान देऊन ऐकलं तर लिसन. रस्त्यानं टमटम गेली, हिअर. आईबाबा आपल्याविषयी काय बोलतात ते दाराआडून, लिसन. पोरं खुदखुदली.

प्रतीक्षानं बोट वर केलं. "बाई, भ्यालेलं माणूस हिअर करतं का लिसन?"

बाईंच्या हातातला खडू थांबला. त्या सास्तूरच्या लेक. त्र्याण्णवच्या भूकंपात चार वर्षांच्या होत्या, अर्धा दिवस मातीखाली होत्या. तेव्हापासून त्यांचे कान जमिनीलाच लागलेले. मागच्या महिन्यात जमीन गुरगुरली, तेव्हा बाईंनी मागंपुढं न पाहता मैदान गाठलं होतं. बावीस पोरं वर्गातच राहिली. धक्का किरकोळ निघाला, पण बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांनी घरी चकार शब्द काढला नाही, हे तर त्यांना फारच लागलं. पुन्हा तसं झालं तर पोरांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"लिसन," त्या कशाबशा म्हणाल्या.

आणि जमीन हादरली. खिडक्या थडथडल्या. बाईंचे पाय आपोआप दाराकडं पळाले, एक तर उंबऱ्याबाहेर पडलासुद्धा. तोंडात तीच जुनी माती आल्यासारखं झालं. त्यांनी चौकट गच्च धरली आणि सगळा जीव एकवटून मागं वळल्या.

"उठा! दप्तरं राहू द्या! खिडकीकडचे आधी!"

एकेक पोर त्यांच्या हाताखालून बाहेर गेलं. बावीस झाली, मग बाई निघाल्या. मैदानात पोचल्या आणि मटकन खाली बसल्या.

प्रतीक्षा शेजारी टेकली. "भिऊ नका बाई. आमच्या हिरीत सुरुंग लावलाय. दादा सकाळीच गावभर सांगून आला. तुमी यष्टीनं येताव, तुमालाच कळलं न्हवतं."

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस गं?"

प्रतीक्षानं मान खाली घातली.

"मागच्या खेपंपासून आमाला लई भ्या वाटायलंय, बाई. खरा भूकंप आला तर तुमी थांबताव का, तेवढंच बघायचं व्हतं."