झाकणावरची खाच

क्रूसाची खाच पाडून झाली, सुताराने पटाशीवरचा भुसा फुंकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

समोरच्या खिळ्याला चिठ्ठी टोचलेली होती. अक्षर बायकोचं. मास्तर. सहा फूट. क्रूस नको. शेवटच्या दोन शब्दांखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. सकाळपासून त्याने ती दोनदा वाचली होती. पण वाचली डोळ्यांनी. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. शवपेटीचं झाकण रंधून झालं की मधोमध खाच पाडायची आणि तीत पितळी क्रूस बसवायचा, एवढंच हातांना चाळीस वर्षं ठाऊक.

बायको खिडकीपाशी पेटीच्या आतलं पांढरं अस्तर शिवत होती. पटाशीचा आवाज थांबला तशी तिने मान वर केली, झाकण बघितलं आणि सुई कापडात टोचून ठेवली.

"अहो," ती एवढंच म्हणाली.

दफन चार वाजता होतं. अकरा वाजत आले होते.

तिचा धाकटा भाऊ दारातल्या स्टुलावर बसला होता. तो चर्चच्या मंडळीचा पंच, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. त्याने उठून झाकण पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"दाजी, राहू द्या तशीच. देवानेच हात धरून पाडून घेतली म्हणा. वर फुलं येणार, कोणाला दिसतंय?"

"मास्तरांच्या मुलीने बजावलंय, नको म्हणून. मास्तरच तसं सांगून गेलेत."

"मास्तर! तीस वर्षं या स्टुलावर बसून तुमचा चहा प्यायले आणि देव नाही, देव नाही म्हणत तुमचंच डोकं खाल्लं."

"चहा तुझ्या बहिणीच्या हातचा, डोकं माझं. तुझं काय गेलं?"

बायकोला हसू आलं. मास्तर खडूने तिच्या फरशीवर सूर्य आणि ग्रह काढायचे आणि जाताना न चुकता ओल्या फडक्याने पुसून जायचे. तिचा थोरला मुलगा गेला, तेव्हा मात्र थडग्यापाशी सगळी प्रार्थना होईपर्यंत खाली मान घालून उभे होते. एका शब्दाने बोलले नव्हते.

"चेष्टा नाही करत, दाजी," भावाचा आवाज चढला. "हल्ली दर तिसऱ्या पेटीला क्रूस नको असतो. आपल्याच मंडळीतली पोरं रविवारी झोपा काढतात. सगळं हातातून निसटत चाललंय, आणि चुकून एक क्रूस पडला तर तोही तुम्ही काढायला निघालात?"

"मास्तरांना चालणार नाही."

"मास्तरांना कळणार कसं? त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे आता त्यांना काही दिसत नाही की ऐकू येत नाही."

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे," सुतार म्हणाला. "माझ्या म्हणण्याप्रमाणे सगळं दिसतंय. उद्या भेटले तर तोंड कसं दाखवू?"

"पण वखार आज बंद," भाऊ म्हणाला. "नव्या झाकणाला लाकूड आणणार कुठून?"

सुताराने कपाटामागे पाहिलं. बायकोनेही तिकडेच पाहिलं. तिथे गोणपाटात गुंडाळलेली सागाची रुंद फळी उभी होती. अकरा वर्षं. वर्षातून एकदा तो तिला तेल लावायचा, आणि कोणी मागितली तर विकायची नाही म्हणायचा. ती कोणाच्या झाकणाची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"दाजी, ती नको. ती तुमची आहे."

बायको उठली आणि तिने स्वतःच गोणपाट ओढून काढलं. "एक टोक मी धरते," ती नवऱ्याला म्हणाली. मग भावाकडे वळली. "आणि तू तोंड बघत बसू नकोस. करवत दे."

तीन वाजता मास्तरांची मुलगी आली. पेटी तयार होती. झाकणावर एक रेघसुद्धा नव्हती. नुसतं लाकूड, पाण्यासारखं गुळगुळीत. तिने त्यावरून तळहात फिरवला. मग भिंतीला टेकवलेलं दुसरं झाकण तिला दिसलं, मधोमध क्रूसाची खाच असलेलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा म्हणाले होते, काका हट्टी आहेत, पण ऐकतील."

"हट्टी कोण, ते आता वर ठरेल," सुतार म्हणाला.

ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. "काका, तिथे प्रार्थना होणार नाही. तरी याल ना?"

"येऊ की. प्रार्थना आम्ही इथूनच करून निघू."

पेटी उचलायची वेळ आली तेव्हा कोणी न सांगता पंचाने पुढचा कोपरा धरला. रस्त्यावरचे लोक थांबून त्या कोऱ्या झाकणाकडे बघत होते. सुताराची बायको पेटीबरोबर चालली होती, एखादीचा मुलगा पहिला आल्यावर ती चालेल तशी, मान ताठ ठेवून.

परत येऊन कपडे बदलायच्या आधी सुताराने खाच पडलेलं झाकण गोणपाटात गुंडाळलं आणि कपाटामागे, फळीच्या जागी उभं केलं.

"हे आता माझं," तो म्हणाला.

बायकोने एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "चार बोटं लांब पडेल. मास्तर उंच होते."

"मग कापू कधीतरी."

"कापू नका," ती म्हणाली. "पायाशी तेवढी जागा असू दे. मास्तर बसायला येतील."